उजेड खाणारी बारोनेझा

अल्मादा, ३ मार्च १९९९

चिरंजीव तेल्मो,

पत्र टाइप केलेलं बघून दचकू नकोस. माझ्या नजरेच्या मधोमध आता एक राखाडी डाग येऊन बसलाय. समोरच्या माणसाचं तोंड दिसत नाही, कान तेवढे दिसतात. म्हणून मी बोलतो आणि इथली एक मुलगी टाइप करते. फोनचा उपयोग नाही. तू पूर्वी माझ्याशी बोलताना केवढा ओरडायचास ते आठव, आणि आता मी त्याहून बहिरा झालोय असं समज.

जिन्यात पडलो, खुब्याचं हाड मोडलं. आता वृद्धाश्रमात आहे. जावई, सेलियाचा बाप, माझं घर रिकामं करतोय. टाकीतले मासे आणि पोवळी एका दुकानदाराने नेली. बारोनेझाही मागत होता, मी नाही म्हटलं. माझी बायको ओर्तेन्स गेली त्या वर्षी आणलेली शिंपली मी अशी काउंटरवरून कुणाला देऊ?

सेलिया रॉटरडॅमला आहे. तुमचं दोघांचं काय फिसकटलं ते मी विचारणार नाही. पण माझ्या टाकीसमोर पाव चघळत तासन्‌तास बसलेला माणूस तू एकटाच. आणि तुम्ही ओल्यांवचे लोक, शिंपल्यांत जन्मलेले. टाकी, दिवा, सगळं घेऊन जा. किल्ली खालच्या मजल्यावरच्या लुसिंदाबाईंकडे आहे.

डॉक्टर म्हणतात, कडेकडेने दिसतंय तेही हिवाळ्यापर्यंत जाईल. रंग सगळे विटले. निळा तेवढा अजून ओळखू येतो. तो मला तिच्या ओठावर, ती शिंपांबाहेर पसरते त्या मऊ कडेवर, एकदा बघायचाय. तोवर ती जगली पाहिजे. बाकी काही मागणं नाही.

आता नीट वाच. तिला ओढायचं नाही. ती पायातून धागे सोडून दगडाला धरून बसते. ओढलीस तर पाय फाटेल आणि ती मरेल. शक्य असेल तर दगडासकट उचल. ते जमलं नाही तर पातळ पात्याने धागे दगडाजवळ काप. तिचं जुनं पाणी बरोबर घे. वाटेत अंधार, ऊब, आणि हादरे नकोत. पोचल्यावर नवं पाणी नळीने थेंब थेंब सोड. पाण्यातच एकदा कलती कर, आत अडकलेली हवा निघून जाऊ दे. मग तोंड वर करून तळाशी ठेव, वर दिव्याच्या जवळ नको. आणि मग, तेल्मो, हात बाहेर काढ. तुला हेच जड जाणार आहे.

तुझा,
अबीलिओ सारमेंतो

०

ओल्यांव, १४ मार्च १९९९

प्रिय अबीलिओ आजोबा,

आणली. तुमच्या त्या दगडाला अशी घट्ट धरून बसली होती, आणि दगड एवढा मोठा, की दगडासकट येईना. पात्याने धागे कापले. एकेक धागा, अर्धा तास लागला. कॉलेजातली परीक्षा अर्धवट सोडून सरांच्या टेबलावर पेपर आपटून निघालो तेव्हा एक मिनिटही लावलं नव्हतं.

आमच्या गावच्या जॅसिंतोच्या मासळीच्या गाडीतून आलो. शंभर किलो बांगड्यांच्या पेट्या मागे आणि पुढे माझ्या मांडीवर बारोनेझाची पेटी, लोकरीच्या शालीत गुंडाळलेली. जॅसिंतो म्हणाला, "एवढ्या मायेने तर मी बायकोलाही घरी नाही आणली." मी त्याला गप्प बसायला सांगितलं. जरा जोरातच. अर्धा रस्ता तो बोलला नाही, बरंच झालं, हादऱ्यांकडे लक्ष राहिलं त्याचं.

तुमच्या घरात पाऊल टाकलं आणि फार वाईट वाटलं. पडदे काढलेले, भिंतींवर फोटोंचे चौकोन. टाकीचा दिवा तेवढा चालू. त्या निळ्या उजेडात आम्ही दोघं बसायचो, तुम्ही स्वयंपाकघरातून खोकून मग आत यायचात. उगाच खोकायचात तुम्ही, मला माहीत होतं. सेलिया म्हणायची, बोलू नकोस, ती मिटेल. मी म्हणायचो, तिला कान नाहीत. तेवढ्यात मी हात हलवायचो, माझी सावली पडायची, आणि ती मिटायची. सेलिया माझ्याकडे बघायची. तसं बघणं मी नंतर कुठे पाहिलं नाही.

ती रॉटरडॅमला गेली ते मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं. मी म्हटलं होतं, कॉलेज खड्ड्यात गेलं, चल ओल्यांवला, आत्याच्या शिंपल्यांच्या वाफ्यांत काम करू. तिने मला वेड्यात काढलं. बरं, राहू दे. हे तिला लिहू नका.

टाकी आत्याच्या मिठाच्या कोठीत बसवली आहे. देओलिंदा आत्या म्हणजे माझ्या बापाची बहीण, चाळीस वर्षं खाडीत तिसऱ्या, खायच्या शिंपल्या, खणतेय. बारोनेझाला बघून म्हणाली, "एवढीशी टीचभर, आणि हिच्यासाठी लिस्बनला गेलास?" अजून मिटलेलीच आहे. फट दिसते, ओठ दिसत नाही. हात बाहेर काढलेत.

तेल्मो

०

अल्मादा, २० मार्च १९९९

चिरंजीव तेल्मो,

पत्र दोनदा वाचून घेतलं. मिटलेली आहे तर मिटू दे. परक्या जागी उतरलेलं कुणीही आधी दार लावून घेतं. मी पंच्याहत्तर साली मोझांबिकहून लिस्बनच्या धक्क्यावर उतरलो तेव्हा ओर्तेन्स महिनाभर बहिणीच्या घरातून बाहेर पडली नव्हती. कपाटं आली नव्हती, ताटं आली नव्हती, आणि पाऊस तिरका पडत होता.

मोझांबिकमध्ये माझं काम खाडीत बोटींना वाट दाखवणाऱ्या दिव्यांचं. ओहोटीला पाणी उतरलं की पोवळ्यांचं मैदान उघडं पडायचं, घोटाभर पाण्यात. ओर्तेन्स वहाणा हातात घेऊन चालायची. तळाला निळे, हिरवे, जांभळे ओठ, शेकडो. तिची सावली पुढे सरकेल तसे ते एकेक करून मिटत जायचे, वसुलीवाला आल्यावर गल्लीतली दारं लागतात तसे. आमचा नावाडी अमादे हसायचा. म्हणायचा, "बाई, सूर्याकडे तोंड करून चाला, म्हणजे तुमची सावली मागे पडेल." तिथून पुढे ती तशीच चालायची. त्या किनाऱ्यावर आपण पाहुणे आहोत हे आम्हाला उशिरा कळलं. त्या शिंपल्यांना आधीच कळलं होतं.

खाडीचं पाणी टाकीत घालू नकोस. ते भरती-ओहोटीला बदलतं, आणि मार्चमध्ये गार असतं. पाणी उबदार ठेव, दिवा रोज वेळेवर लाव. आत्याबाईंना नमस्कार.

अबीलिओ

०

ओल्यांव, २ एप्रिल १९९९

आजोबा,

ती मरतेय. सरळच लिहितो.

उधाणाची भरती होती म्हणून मी कुलात्रा बेटावर वाफ्यांच्या कामाला गेलो होतो, तिथेच दोन रात्री राहिलो. परत येऊन बघतो तर टाकी रिकामी. आत्या शांतपणे कांदा चिरत होती. म्हणते, "तुझी ती बया मिटून बसली होती ना, पोटात वाळू असणार. ठेवलीय थुंकायला."

थुंकायला! तुम्हाला माहीत आहे का इथे तिसऱ्यांचं काय करतात? खणून आणल्या की खाडीच्या पाण्यात, बादलीत, अंधारात ठेवतात, वर ओलं पोतं. रात्रभरात त्या पोटातली वाळू टाकतात. इथल्या प्रत्येक घरात हेच चालतं, माझ्या जन्माच्या आधीपासून. तर बारोनेझा त्या बादलीत! गार पाणी, काळोख, वर पोतं. मी गेलो त्या दिवसापासून!

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. आत्या म्हणाली, "चाळीस वर्षं शिंपल्यांत हात आहेत माझे, आणि तू मला शिकवतोस?" मी म्हटलं, "ही शिंपली उजेड खाते!" ती म्हणाली, "हो का? मग उद्या माझा पावही ऊन खाईल, आणि कांदा चांदणं!" मी बादली लाथेने उडवली. रिकामी होती, बारोनेझाला आधीच काढलं होतं. तेव्हापासून आत्या बोलत नाही. पानात वाढते, पण ताट लांबून सरकवते.

आता ती उघडी आहे, पण ते उघडणं बरं नाही. दोन्ही शिंपा आ वासून पडल्यात, सावली टाकली तरी मिटायला वेळ लावते. ओठ आत ओढलेला, कडेला चुरगळलेला, आणि मधे पांढरा. निळा गेला. आधी अगदी दिव्याखाली ठेवली, भरपूर खाऊ दे म्हणून. सकाळी आणखी वाईट दिसली, मग उजव्या कोपऱ्यात. तिथे पाण्याचा झोत लागत होता, मग डाव्या. आज परत मधे आणलीय.

काय करू? लगेच कळवा. आणि सेलियाला सांगू नका. किंवा सांगा. सांगा, मी मारली म्हणून. तिला तसंही तेच वाटतं, की मी हात लावतो ते मोडतं.

तेल्मो

०

अल्मादा, ५ एप्रिल १९९९

तेल्मो,

हलवू नकोस! अक्षरं मोठी टाइप करायला सांगितली होती, मुलगी म्हणते मशीनवर तशी होत नाहीत. तर तू मोठ्याने वाच.

तळाला, एका जागी ठेव. दिव्याखाली पातळ मलमल बांध, म्हणजे उजेड गाळून येईल. उपाशी माणसाला एकदम जेवण घालत नाहीत. चुन्याची निवळी कर, चुना तळाला बसू दे, वरचं स्वच्छ पाणी तेवढं हळूहळू टाकीत सोड. त्यातून ती कवच बांधते. आणि कोठीतून बाहेर पड. दर वेळी तू तिला हलवतोस तेव्हा ती पाय टाकायला जाते आणि जमीन नाहीशी होते. ती आजाराशी झगडत नाहीये, तुझ्याशी झगडतेय.

तू असाच आहेस. लिस्बनमधल्या ग्रासाच्या टेकडीवरच्या कॅफेतसुद्धा तीन टेबलं बदलायचास, इथे वारा येतो, तिथे ऊन लागतं, आणि समोरच्याची कॉफी गार व्हायची.

आता आत्याबाईंचं. त्यांनी केलं ते माझ्या सासूनेही केलं असतं. त्यांना बोलावून टाकीसमोर बसव आणि सांग: या शिंपलीच्या ओठात डोळ्यांना न दिसणारी बारीक शेवाळाची रोपं असतात. ती उन्हावर वाढतात आणि हिला पोसतात. ओठ पसरते म्हणजे ती आपलं शेत उन्हात घालते. निळा गेला, पांढरं पडलं, म्हणजे शेत करपलं. आत्या स्वतः खाडीत वाफे राखतात. ऐकलं की त्यांना तुझ्याआधी समजेल. आणि माफी माग. बादलीचीही माग.

ती जगलीच पाहिजे असं म्हणालो होतो. ते तुझ्या डोक्यावर ठेवू नकोस. पण प्रयत्न सोडूही नकोस.

अबीलिओ

०

ओल्यांव, १६ मे १९९९

प्रिय आजोबा,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही होत नव्हतं. ती जगत नव्हती की मरत नव्हती. आता लिहितो: बोटाच्या पेराएवढी निळी कड आली आहे!

माफी मागितली. कशी ते सांगतो. आत्याला खुर्ची दिली, तुमचं पत्र वाचून दाखवलं. शेताचं ऐकून तिने खुर्ची टाकीजवळ ओढली. मग म्हणाली, "म्हणजे मी एका शेतकरणीला तिच्या शेतातून उचलून तळघरात कोंडली?" मी हो म्हटलं. "आणि तू काय केलंस? रोज तिचं शेत उचलून दुसरीकडे नेलंस?" मी परत हो म्हटलं. "मग दोघंही गाढव," ती म्हणाली आणि शेरेंम करायला गेली. मक्याच्या लापशीत त्या दिवशी तिसऱ्या दुप्पट घातल्या होत्या, आणि ताट जवळ सरकवलं.

तेव्हापासून कोठीवर तिचाच हुकूम. मलमल तिच्या जुन्या पेटीकोटाची आहे. चुन्याची निवळी तीच करते. दरवर्षी सणाआधी घराला चुना लावून लावून तिच्या हाताला अंदाज आहे. तिने तळाला छपराच्या जुन्या कौलाचा एक तुकडा ठेवला आणि मला म्हणाली, "हिला धरायला काहीतरी दे, आणि मग तोंड लपव." बारोनेझा दोन आठवडे तशीच टेकून होती. परवा आत्याने काठीने कौल जरासं हलवलं, तर ती कौलासकट हलली. धागे सोडलेत आजोबा! धरलंय तिने!

आत्या आत गेली तर मिटत नाही. मी गेलो की मिटते. मी आता भिंतीच्या कडेने जातो, टाकीच्या दिव्याकडे तोंड करून, तुमच्या ओर्तेन्सबाई चालायच्या तसा.

एक विचारायचं होतं. कॅफेतल्या टेबलांचं तुम्हाला कुणी सांगितलं? तुम्ही तर कधी आला नव्हतात.

आता तिला प्रवास पेलेल असं वाटतं. सेलियाला कळवा, सुट्टीत आली की येऊन घेऊन जाऊ दे, तुमच्यापर्यंत पोचवू दे. मी पेटी भरून देईन, दारात देईन, एक शब्द बोलणार नाही. तिला जॅसिंतोच्या गाडीपर्यंत सोडेन फक्त. मी विचारलं असं सांगू नका.

संध्याकाळी मलमलीतून उजेड पडतो तेव्हा कोठीची भिंत तुमच्या बैठकीसारखी दिसते. मी पाव घेऊन बसतो. शेजारची जागा रिकामी ठेवायची सवय गेली नाही.

तेल्मो

०

अल्मादा, ९ जून १९९९

तेल्मो,

हे हाताने लिहितेय. अक्षर ओळखलंस तर पत्र फाडू नकोस, आधी शेवटपर्यंत वाच. मग फाड.

टाइप करणारी मुलगी मीच. आजोबा पडले तेव्हाच मी रॉटरडॅम सोडून परत आले. मी इथे आहे हे तुला कळू द्यायचं नाही, अशी अट मी त्यांना घातली होती. मला भीती होती की तू रात्रीच्या गाडीने येशील आणि वृद्धाश्रमाच्या दारात सर्वांसमोर भांडशील. आलाच असतास ना? खरं सांग.

तू बारोनेझाला न्यायला आलास तेव्हा मी समोरच्या फुटपाथवर होते, पेपरवाल्याच्या खोक्यामागे. तू पेटी दोन्ही हातांनी छातीशी धरून जिना उतरलास, एकेक पायरी, खाली न बघता. तुला इतकं हळू चालताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

तुझी पत्रं मीच त्यांना वाचून दाखवते. काही गाळलं नाही. 'हे तिला लिहू नका' हेसुद्धा मोठ्याने वाचलं. आजोबा खोकले. उगाचच. कॅफेतलं वाक्य माझं होतं, ते बोलले नव्हते. रागात टाइप झालं. माझी कॉफी खरंच गार व्हायची.

आता मुद्द्याचं. इथल्या संचालिकाबाईंनी खूप विनवण्या केल्यावर खिडकीत छोटी टाकी ठेवायला परवानगी दिली. मी आनंदाने सांगायला गेले. पण तुझं पत्र वाचल्यावर, तिने कौल धरलंय हे ऐकल्यावर, आजोबा म्हणाले, "मग आता तिला हलवायचं नाही. एकदा तुटली, एकदा बादलीत गेली. तिसऱ्यांदा नाही." मी म्हटलं, कौलासकट आणता येईल. तर म्हणतात, "आणि तो कोठीतला उजेड? त्या आत्याबाई? तेही आणशील?" त्यानंतर ते विषय काढत नाहीत. दुपारी टेबलावरचं निळं औषधाचं झाकण डोळ्यांच्या कोपऱ्याशी धरून बघत बसतात. परवा मला विचारलं, हे निळंच आहे ना?

हिवाळ्यापर्यंत थांबता येणार नाही, तेल्मो.

ती हलणार नसेल तर आजोबांना हलवू. डॉक्टर बघू म्हणाले, हो म्हटलं नाही. संचालिका नाहीच म्हणतात, बाबाही. प्रवासाने त्यांचं काही झालं तर? ते मलाही वाटतं. तीन तासांची रेल्वे, चाकांची खुर्ची. या आश्रमात त्यांनी आत्ता कुठे बूड टेकलंय, खिडकीजवळची जागा मिळालीय. मला त्यांना इथून उचलायची भीती वाटते.

कोठीला पायरी आहे का? दार किती रुंद आहे? आणि हे कसं करायचं, ते तू मला सांग. तू एकदा केलंयस.

सेलिया

०

ओल्यांव, १२ जून १९९९

सेलिया,

फाडलं. मग आत्याने जमिनीवरून गोळा करून मैद्याच्या खळीने चिकटवलं आणि म्हणाली, "आता नीट वाच, बैला." तीन महिने! तीन महिने तू पलीकडे बसून ऐकत होतीस! मी 'शेजारची जागा' वगैरे लिहिलं, तेही टाइपरायटरशेजारी बसून वाचलंस! मी खाडीवर गेलो आणि पार ओहोटी होईपर्यंत चालत होतो. हो, आलो असतो रात्रीच्या गाडीने. भांडलोही असतो.

बरं. आता ऐक. डॉक्टरांचा होकार आधी घे. तो आला तर आण. मी सांगतो कसं.

त्यांना ओढायचं नाही. त्यांनी हो म्हणेपर्यंत थांब. खुर्चीला धरून बसले असतील तर खुर्चीसकट उचल, गार्डला सांगून ठेव. त्यांचं जुनं पाणी बरोबर घे: त्यांची उशी, कॉफीचा तो कान तुटलेला कप, ओर्तेन्सबाईंची शाल. वाटेत ऊब असू दे, डोळ्यांवर ऊन नको, आणि गप्पा मारून त्यांना दमवू नकोस. पहाटेची गाडी घे, उन्हं चढायच्या आत पोचाल. फारोच्या पुढे रूळ हादरतात, तिथे खुर्चीला हात लाव.

स्टेशनवर उतरल्या उतरल्या गावात आणू नकोस. फलाटावर बाकाजवळ थांबा. आमची हवा खारट आहे, सार्डिन भाजल्याचा धूर आहे, बायका मोठ्याने बोलतात. ते त्यांना थेंब थेंब मिळू दे. आत्याला मी ताकीद दिली आहे, लगेच मिठी मारायची नाही. ती म्हणाली, "मी काय बादली आहे?" पण मारणार नाही.

कोठीला एक पायरी होती. काल मी आणि जॅसिंतोने ती फोडली आणि उतार केला. दार खुर्चीपेक्षा वीतभर रुंद आहे. मलमल आता काढली आहे. ओठ पूर्ण बाहेर येतो, काठावरून सांडल्यासारखा, निळा, मधे हिरवे ठिपके. टाकीच्या डाव्या बाजूला त्यांची खुर्ची लाव; तिथून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघता येतं. मी स्वतः एका डोळ्यावर हात ठेवून बसून पाहिलंय. दिवा समोर असल्यामुळे त्यांची सावली मागे पडेल, ती मिटणार नाही.

खुर्ची लावलीस की हात बाहेर काढ. त्यांचे ते बघू देत.

शेजारी आणखी एक खुर्ची ठेवली आहे. तुला बसायचं तर बस, नाही तर आत्याने विणायचं सामान ठेवलंय तिच्यावर, तसंच राहील. कॉफी आणीन, गरम. टेबल बदलणार नाही.

मी आत येणार नाही. दाराबाहेर, भिंतीच्या अंगाने उभा राहीन. हाक मारलीस तर ऐकू येईल इतक्या अंतरावर, आणि सकाळी त्या बाजूला माझी सावली अंगणात पडते, आत नाही.

तेल्मो